बुजवलेली फट

१२ जानेवारी १९९३

अर्वी,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे सरळ चुलीत टाकलं नाहीस, असं धरून लिहितोय. अकरा वर्षं झाली. तब्येत कशी आहे विचारायला तोंड नाही, म्हणून तुझ्याकडे तळ्यावर बर्फ किती जाड झालाय एवढंच विचारतो. इकडे सडबरीत आज उणे एकतीस आहे. गाडीचं इंजिन विजेला जोडून ठेवलं तरी सकाळी कुरकुर करतं.

कामाचा प्रश्न आहे. तुझ्याशिवाय कुणाला विचारू, कळत नाही.

तीन नंबरचा पंखा अजून तोच आहे. खाणीतली वापरलेली हवा वर ओढणारा, दोन पुरुष उंचीचा. पात्यांभोवतीचं तुझं ते गोल लोखंडी केसिंग तसंच आहे, आणि त्याच्या कमरेला तू घातलेलं कडंही तसंच. बाहेरून बघितलं तर काल बसवल्यासारखं वाटतं. फरक एवढाच, की खाण खाली गेली. तू होतास तेव्हा बत्तीसशे फुटांवर काम चालायचं, आता सेहेचाळीसशेवर चालतं. हवेची वाट लांबली, त्यात जुना मार्ग जागोजागी ढासळून अरुंद झालाय. खाली हवा पुरत नाही अशी ओरड झाली, तेव्हा पेट्रिशिनने पात्यांचा कोन दोन खुणा वाढवायला लावला. पेट्रिशिन आमचा सुपरिंटेंडंट, तू गेल्यावर आलेला. माणूस वाईट नाही, पण त्याला कायम घाई असते.

मागच्या मंगळवारी पंखा गुरगुरला. चाळीस सेकंद. तो आवाज कसा असतो ते तुला मी काय सांगणार. मीटरचा काटा नाचायला लागला, दाब मोजायच्या नळीतलं पाणी एकदम खाली बसलं, आणि मग आपोआप सगळं ठीक झालं. मी पेट्रिशिनला म्हटलं, पंखा गुरगुरतोय. तो म्हणाला, "ताउनो, एकसष्टाव्या वर्षी तूही गुरगुरतोस. तुला बंद केलं का आम्ही?" सगळे हसले. मीही हसलो.

तर प्रश्न असा. समज, एखाद्या पंख्याचं कडं काही कारणाने काम करत नाहीये. म्हणजे आहे, पण नसल्यासारखं. अशा वेळी पात्यांचा कोन कितीपर्यंत ठेवला तर पंखा गुदमरणार नाही? मला एक आकडा लिहून पाठव. मी काहीतरी निमित्त काढून पाती तिथे आणून ठेवीन. कारण मात्र विचारू नकोस.

आणखी एक. तू गेलास तेव्हा पंधरा वर्षांची असलेली माझी लेक सेन्या आता खाली काम करते. लोडर चालवते, त्याच सेहेचाळीसशेवर. मी नको म्हटलं होतं. ती म्हणाली, तुझे हात काळे झालेले चालतात आणि माझे चालत नाहीत का. मला झोप लागत नाही, अर्वी. आकडा पाठव.

ताउनो


१९ जानेवारी

अर्वी,

उत्तर आलं नाही. टपालाला तीन दिवस जायला आणि तीन यायला लागतात, हे मला समजतं. पण मला थांबवत नाही.

आठवड्यात आणखी दोनदा झालं. एकदा मिनिटभर. आता मी जेवणाच्या सुट्टीत कॉफीचा थर्मास घेऊन पंख्याच्या खोलीत जाऊन बसतो आणि केसिंगवर हात ठेवतो. माझ्या माणसांना वाटतं, म्हातारा ऊब घ्यायला जातो. बरं चाललेलं असतं तेव्हा नुसती थरथर लागते. मग मधेच तळव्याला धक्के बसायला लागतात, आणि मी सेकंद मोजतो.

तू म्हणशील, कडं असताना पंखा गुदमरेलच कसा. म्हणूनच तर मागच्या पत्रात मी समज, समज करत बसलो होतो.

तू मला आपल्या सावनाच्या, त्या वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर बसून समजावलं होतंस. बियरची बाटली आडवी धरून. हवेची वाट अरुंद झाली की पात्याच्या टोकाजवळची हवा कंटाळते, तिला पुढे जायचं नसतं, ती गिरकी घेत मागे फिरते आणि मागून येणाऱ्या हवेच्या अंगावर जाते. मग सगळाच पंखा गुदमरतो. मी म्हटलं, मग? तू म्हणालास, "मग काय, आपल्यापैकी कुणाला सावनात जास्त गरम झालं की तो बाहेरच्या खोलीत जाऊन बसतो, गार होतो आणि परत येतो. त्याला बाहेर जायला दारच ठेवलं नाही तर तो आत भांडण काढेल." पात्यांच्या जरा अलीकडे केसिंगला गोल फट, फटीमागे पोकळ कडं, कड्यात उभ्या पट्ट्या. गिरकी घेतलेली हवा फटीतून त्यात शिरणार, पट्ट्यांवर आपटून सरळ होणार आणि मुकाट पुढच्या हवेत मिसळणार. मला ते पटलं होतं. पटलंय असं मी म्हटलं नाही. मी म्हटलं, भांड्याच्या कडेला आणखी एक भांडं. तू हसलास, पण तुला लागलं होतं.

आता ऐक. ब्याऐंशीचा फेब्रुवारी. तू बाहेर, फॅक्टरीत दुसऱ्या पंख्याच्या मागे होतास. खालून येणारी हवा ओली आणि उबदार, बाहेर उणे पस्तीस. तुझ्या कड्यात बर्फ धरायला लागला. रोज सकाळी त्याचे डबल पावाएवढे तुकडे फटीतून सुटून पात्यांवर पडायचे. एका पात्याला पोचा आला. मी तुला फोन करायला हवा होता. तुझा नकाशा उघडून बघायला हवा होता. नकाशा माझ्या टेबलावर कॉफीच्या डब्याखाली गुंडाळून पडला होता. पण धाकट्या भावाचा नकाशा मी वाचत बसायचा? ज्याला मी बूट बांधायला शिकवलं त्याचा?

एका रविवारी सकाळी पंखा दुरुस्तीला बंद होता. मी एकटा आत शिरलो, फटीवर लोखंडी पट्ट्या बसवल्या, सगळीकडून वेल्ड केल्या आणि वरून काळा रंग मारला. एप्रिलमध्ये काढणार होतो. देवाशपथ काढणार होतो.

मार्चमध्ये काय झालं ते तुला माहीत आहे. खाली दरड पडून हवेचं मोठं दार मिटलं, पंखा गुदमरला, पातं तुटलं, आणि पंख्याची राखण करणाऱ्या लूसियन राँकूरचा उजवा हात गेला. चौकशीबद्दल आज लिहीत नाही. माझ्याने लिहवत नाही.

मी फटीवर मारलेल्या पट्ट्या अजून तिथेच आहेत. कापायच्या तर पंखा दिवसभर बंद ठेवावा लागेल, खालची सगळी माणसं वर आणावी लागतील, आणि का, ते सांगावं लागेल. आकडा पाठव, अर्वी. एवढंच कर.

ताउनो


२८ जानेवारी, गुरुवार

अर्वी,

आज मी जे केलं ते कुणाला तरी सांगितलं नाही तर माझं डोकं फुटेल.

काल पेट्रिशिनने बैठकीत सांगितलं, की नव्या भागाला हवा मिळावी म्हणून जुन्या बोगद्याचं दार गुरुवारी पहिल्या पाळीत बंद करणार. मी समोर बसलो होतो. दार बंद म्हणजे वाट आणखी अरुंद. मी म्हणालो, "पंखा मानणार नाही." तो म्हणाला, "त्याची समजूत काढायला तू आहेस ना." मी आणखी काहीतरी बोलायला हवं होतं. मी वहीत तारीख लिहून घेतली.

बिल्ल्यांचा फळा तुझ्या वेळी होता तसाच आहे. प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला उचलून 'खाली' लिहिलेल्या बाजूला टांगायचा, मगच खाणीत उतरणाऱ्या पाळण्यात पाय ठेवायचा. बिल्ला नाही तर पाळणेवाला सख्ख्या बापालाही खाली सोडत नाही. सेन्याचा नंबर दोनशे बारा. आज सकाळी सहा वाजता, कुणी कपडे बदलायला आलं नव्हतं तेव्हा, मी फळ्यासमोरून गेलो आणि दोनशे बारा उचलून हातमोज्यात टाकला.

एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

साडेसहाला ती फळ्याशी उभी राहून सगळ्यांना शिव्या घालत होती. तिच्या जोडीला ड्रिल चालवणारी ओदेत म्हणाली, "घरी उशीखाली बघ, नवऱ्यापेक्षा त्याच्यावरच जीव तुझा." "नवरा कुठेय?" "म्हणूनच म्हटलं." शिफ्टबॉसने सेन्याला वरच ठेवलं, दगडाच्या नमुन्यांच्या पेट्या धुवायला लावलं. ओदेत आपला बिल्ला टांगून खाली गेली. जाताना मला म्हणाली, "म्हातारबाबा, पोरीला जरा वळण लावा." मी हसलो. हल्ली मी फार हसतो.

नऊ वाजून दहा मिनिटांनी दार बंद झालं, आणि पंखा गुरगुरायला लागला तो थांबेचना. मी केसिंगला हात लावून उभा होतो. खोलीतली धूळ जमिनीवर नाचत होती. खाली एकशे सतरा माणसं होती, आणि मला आधी काय वाटलं ते लिहितो, कारण खोटं लिहून आता काय मिळणार आहे. मला वाटलं, सेन्या वर आहे.

मग मी खाली फोन केला. मीटर बिघडलाय, दार उघडा, असं सांगितलं. उघडेपर्यंत अकरा मिनिटं गेली. तेवढ्या वेळात सुरुंगाचा धूर सेहेचाळीसशेवर जिथल्या तिथे साचला. दोघांना पाळण्यातून वर आणलं. एक जण आपल्या पायांनी चालत आला. ओदेतला स्ट्रेचरवर आणलं. ओठ निळे, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा. सेन्या पेट्या टाकून धावत आली आणि रुग्णवाहिकेत तिच्याबरोबर बसली.

ओदेत वाचेल म्हणतात. मी घरी येऊन हातमोजे दाराशी फेकले आणि तसाच बसून आहे. दार सोमवारपासून पुन्हा बंद करायचं ठरतंय. शनिवार-रविवार अर्धीच पाळी असते. सोमवारी सगळे जातील.

सोमवारी सेन्याला नवा बिल्ला मिळेल.

ताउनो


३१ जानेवारी, रविवार

अर्वी,

काल शनिवार, म्हणून मी सावना तापवला. सेन्या येते शनिवारी, पुल्ला घेऊन, आपला तो वेलचीचा गोड पाव. काल आली ती हॉस्पिटलमधूनच. ओदेत बोलायला लागली होती. सेन्याने माझे हातमोजे जमिनीवरून उचलले, ओले आहेत म्हणत चुलीवरच्या तारेवर उलटे टांगले, आणि बिल्ला खाली पडला. दगडी फरशीवर त्याचा आवाज झाला.

"बाबा, हा माझा बिल्ला."

मी चुलीत लाकूड सारलं.

"तुला कुठे सापडला का?" तिने विचारलं. मला निसटायला जागा ठेवून विचारलं. तुझ्यासारखीच आहे ती.

मी म्हणालो, "सापडला नाही."

ती खुर्चीवर बसली. बिल्ला तळहातावर ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "ओदेतचा नंबर दोनशे तेरा आहे. माझ्या शेजारच्याच खिळ्यावर असतो. तो का नाही उचललास?"

मी चुलीचं दार लावलं.

"किती जणांचे बिल्ले होते 'खाली'च्या बाजूला?"

"एकशे सतरा."

"आणि तुला माहीत होतं."

"भीती वाटत होती मला."

"भीती मलाही वाटते, बाबा. रोज पाळण्यात पाय ठेवताना वाटते. मग मी म्हणते, वर पंख्यापाशी माझा बाप आहे."

मग मी सांगितलं. कडं, बर्फ, रविवार, काळा रंग, लूसियनचा हात. आणि चौकशी. तीच, जी तुला अजून लिहिली नाही. तू तिथे होतास, पण माझा जबाब बंद दाराआड झाला, तेव्हा तुला जे ऐकू आलं नाही ते लिहितो. त्यांनी मला विचारलं, अपघाताच्या वेळी कडं उघडं होतं का. मी म्हणालो, होतं. त्यांनी विचारलं, आत काही बदल केला होता का. मी म्हणालो, नाही. तुला नोकरीवरून काढलं तेव्हा तू माझ्याकडे वळून म्हणालास, "माझंच गणित कुठेतरी चुकलं असणार, ताउनो." आणि मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. नंतर तू सगळ्या वह्या आपल्या सावनाच्या चुलीत घातल्यास. त्या सरपणावर मी आंघोळ केली.

सेन्याने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. सेन्या ओरडली नाही की मला जास्त भीती वाटते. उठून कोट घातला आणि म्हणाली, "चल. पेट्रिशिनकडे. गाडी मी चालवते."

"सोमवारी सांगतो. अर्वीचं पत्र येईल तोवर. मी त्याला आकडा विचारलाय."

"कसला आकडा?"

"पाती किती मागे घेतली तर..."

"तर कुणाला कळणार नाही. हो ना?" ती दाराशी उभी होती, थंडी आत येत होती. "काकाने आकडा पाठवला तर तू पट्ट्या तशाच ठेवणार होतास."

मी बूट घातले. लेस दोनदा सुटली, शेवटी तिने खाली बसून बांधून दिली.

पेट्रिशिन जेवायला बसला होता. टेबलावर बायको, दोन मुलं, पिरोगींचं ताट. मी दारातच उभ्याने सांगितलं, कारण बसलो असतो तर बोललो नसतो. तो काट्याला लावलेला घास तसाच धरून ऐकत होता. मग त्याने काटा खाली ठेवला, फोनशी गेला आणि म्हणाला, "सगळ्यांना वर घ्या. आत्ता. नाही, कुणीही राहायचं नाही. पंखा बंद." फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. मला वाटलं मारतोय. म्हणाला, "तू मला सांगितलं होतंस, पंखा मानणार नाही."

"पूर्ण सांगितलं नव्हतं."

"नाही," तो म्हणाला. "पण मी पूर्ण विचारलंही नाही."

परत येताना गाडी सेन्यानेच चालवली. मला सोडलं आणि पुल्ला घेऊन परत गेली. हॉस्पिटलमध्ये नेला असेल. सावना तापून तापून गार झाला.

ताउनो


९ फेब्रुवारी

अर्वी,

काल दुपारी टपालवाला एक जाडजूड पाकीट देऊन गेला. मला वाटलं तू लिहिलंस. फोडलं तर आत माझीच चार पत्रं. एकही उघडलेलं नाही. बरोबर तुमच्या तळ्यावरच्या दुकानदारबाईंची चिठ्ठी: "तो येतो, पाकीट हातात घेतो, अक्षर बघतो आणि फळीवर परत ठेवतो. शेवटचं बराच वेळ धरून उभा होता. माझ्याकडे जागा नाही, म्हणून परत पाठवते."

मला आधी राग आला. मग मी खुर्चीवर बसलो. मी तुझ्या उत्तराची वाट बघत होतो, अर्वी. उत्तर येणारच नव्हतं. सेन्याने हातमोजे वाळत घातले नसते, तर मी अजून आकड्याची वाट बघत बसलो असतो आणि दार बंद झालं असतं.

आता जे झालं ते सांगतो.

पट्ट्या मी कापल्या. पेट्रिशिन म्हणाला, तू कामावरून गेलास, पण त्या कुठे आहेत ते तुलाच माहीत आहे, तेव्हा आधी हे कर आणि मग जा. सेन्या बत्ती धरून आत आली. बत्ती बरोबर हवी तिथे धरत होती. शेवटची पट्टी निघाल्यावर तिने कड्यात हात घातला आणि म्हणाली, "ही नळी कसली?" कड्याच्या तळाशी, बाहेरून टोपण लावलेली, मनगटाएवढी नळी. मी ती अकरा वर्षं बघत होतो. मला वाटायचं, पाणी काढायची असेल. पेट्रिशिनने ऑफिसातून तुझा जुना नकाशा मागवला. कॉफीच्या डब्याचा गोल डाग अजून आहे त्यावर. नळीपाशी तुझ्या अक्षरात लिहिलंय: "ताउनो, हिवाळ्यात इथे गरम हवेचा पाइप जोड, नाहीतर कड्यात बर्फ धरेल."

माझं नाव घालून लिहिलं होतंस.

सेन्याने ते वाचलं आणि नकाशा माझ्या हातात दिला. त्या क्षणी मला वाटलं, तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाइप जोडला. खाली एकही माणूस नसताना पंखा चालू केला आणि पेट्रिशिनच्या माणसांनी मुद्दाम ते दार बंद केलं. वर पंख्याच्या खोलीत आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे. आवाज बदलला. गुरगुर नाही, दातांतून वारा सोडल्यासारखा हलका शूऽऽ. दाबाच्या नळीतलं पाणी जरासं हललं आणि थांबलं. पेट्रिशिनने दुसरंही दार बंद करायला लावलं. तरी शूऽऽ. सेन्याने हातमोजा काढून केसिंगवर तळवा ठेवला. पाच मिनिटं तशीच उभी होती. मग तिने माझा हात धरून आपल्या हाताशेजारी ठेवला. नुसती थरथर होती.

लूसियनकडे मी एकटा गेलो. दर बुधवारी मी त्याच्याबरोबर पत्ते खेळतो हे तुला कुणी सांगितलं नसेल. एका हाताने पिसतो, माझ्यापेक्षा चांगले. सगळं सांगून झालं तेव्हा तो पत्ते पिसतच होता. मग गड्डी टेबलावर सरळ करून ठेवली. म्हणाला, "दर बुधवारी यायचास ते यासाठी होय." मी म्हटलं, आधी यासाठी. नंतर नाही. तो म्हणाला, "दार नीट लावून जा, ताउनो. थंडी येते." उद्या बुधवार आहे. जाऊ की नको, ते मला कळत नाही.

सोमवारी पहिली पाळी खाली गेली. मी कुंपणाबाहेर गाडीत बसून बघत होतो, आत जायची आता मला मनाई आहे. सेन्या गेली. ओदेत अजून घरीच आहे. चौकशी पुन्हा उघडतायत. मी नव्याने लिहून दिलेल्या जबाबाची नक्कल तुझ्यासाठी ठेवलीय, पण पाठवून उपयोग काय, पाकीट तू उघडत नाहीस.

म्हणून या वेळी पाकीट नाही. कापलेल्या पट्ट्यांमधली एक, हातभर लांबीची, पेट्रिशिनकडून मागून घेतली. तिच्या कडेला माझं वेल्डिंग जसंच्या तसं आहे. आपल्या बापाने शिकवलं तसं, सरळ, एकसारखं, एकही भोक नाही. आयुष्यात इतकं चांगलं वेल्डिंग मी दुसरं केलं नाही. तू डोळे मिटून बोट फिरवलंस तरी ओळखशील कुणाचं आहे ते, आणि कुठून कापलंय तेही. आज विचारून आलो, तर टपाल खात्यातली मुलगी म्हणाली, असं उघडं लोखंड आम्ही घेत नाही. मी म्हटलं, कागदात गुंडाळलं तर परत येईल. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, घेऊन या.

हे पत्र तारेने मागच्या बाजूला बांधतोय. नको असेल तर वाचू नकोस. पट्टीवर मी पांढऱ्या रंगाने तुझा पत्ता लिहिलाय, तो वाचल्याशिवाय तुला ती दुकानातल्या फळीवर परत ठेवता येणार नाही. पत्त्याच्या खाली एकच ओळ आहे.

अर्वी, तुझं गणित बरोबर होतं.